अभ्यासिकेतल्या ताईंना, त्या लाल फुलीबद्दल

ताई,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितोय. अभ्यासिकेत खिडकीजवळच्या टेबलाशी एक चाळिशीचा माणूस वहीच्या एकाच पानाकडे तासभर बघत बसला होता आणि शेवटी न राहवून तुम्ही विचारलंत, "दादा, काय अडलंय?" तो मी. परवा पेपर झाला. कसा गेला ते निकाल लागल्यावर कळेलच, पण रेषेच्या समीकरणाचा प्रश्न मी मुद्दाम सगळ्यात आधी सोडवला, आणि तेव्हापासून हे तुम्हाला सांगायचं मनात आहे.

त्या पानावर काय होतं ते तुम्ही कदाचित विसरलाही असाल. मी विसरणार नाही. (−२, १) आणि (१, ७) या दोन बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचं समीकरण लिहायचं होतं. चढ मी २ काढला होता, आणि मग लिहिलं होतं: य − ७ = २(क्ष − १). त्यावर मोठी लाल फुली. क्लासमधल्या सरांनी मारलेली. त्यांच्याकडच्या उत्तरात य − १ = २(क्ष + २) असं होतं, माझं तसं दिसत नव्हतं, विषय संपला. "सर, चुकलं कुठे?" असं विचारलं, तर म्हणाले, "सूत्र नीट पाठ करा." सूत्र पाठच होतं: य − य१ = चढ × (क्ष − क्ष१), यात (क्ष१, य१) म्हणजे रेषेवरचा माहीत असलेला बिंदू. झोपेतून उठवलं असतं तरी म्हणून दाखवलं असतं.

शाळेत तरी काय वेगळं होतं? तिथल्या सरांचं पालुपद होतं, "हे तर अगदी सोपं आहे." इतकं सोपं असूनही जमत नाही म्हटल्यावर खोट कुणात आहे, हे पोराला वेगळं सांगावं लागत नाही. दहावीनंतर मी गणिताकडे फिरकलो नाही, तो थेट आता, नोकरीतल्या परीक्षेसाठी.

तुम्ही फुलीकडे बघितलंच नाही. आलेख कागदावर एक टिंब काढलंत, मला त्यावर पेन्सिलीचं टोक धरायला लावलंत आणि दुसऱ्या टोकाला धरून पेन्सिल हळूहळू फिरवलीत. "या एका बिंदूतून किती रेषा जातात बघा. वाट्टेल तेवढ्या. आता मी चढ सांगितला की उरली एकच." एवढंच. मी दहावीत कंपासपेटी घेऊन बसायचो ताई, पेन्सिल माझ्याकडेही होती. कुणीतरी ती अशी फिरवून दाखवायला काय हरकत होती?

मग ते वजा चिन्ह. क्ष − क्ष१ मध्ये क्ष१ च्या जागी −२ घातलं की क्ष + २ कसं होतं, याला माझ्याकडे एकच उत्तर होतं: वजा वजा अधिक. तुम्ही म्हणालात, तो कंस म्हणजे बिंदूपासून आडवं किती गेलात, आणि डावीकडची बाजू म्हणजे उभं किती चढलात. चढ २ आहे, म्हणून जेवढं आडवं जाल त्याच्या दुप्पट वर जाल. रेषेवर कुठेही उभे राहा, हेच खरं ठरतं. ते अख्खं सूत्र, जे मी मंत्रासारखं घोकत आलो, ते एवढंच बोलत होतं! −२ पासून क्ष पर्यंतचं अंतर क्ष + २ असणारच, शून्य ओलांडून जायचंय ना. मला त्या क्षणी हसू आलं आणि थोडा रागही आला. राग तुमच्यावर नव्हे.

पण मी आभार मानायला बसलोय ते याच्यासाठीही नाही. समजावून सांगणारी माणसं शोधली तर सापडतात. त्यानंतर तुम्ही जे केलंत ते मला अजून कुणाला धड सांगता आलेलं नाही. बायकोला सांगायला गेलो तर ती म्हणाली, "बरं, मग?"

तुम्ही म्हणालात, ताळा करून बघा. माझ्या समीकरणात मी (−२, १) घातला: डावीकडे −६, उजवीकडेही −६. (१, ७) घातला: दोन्हीकडे शून्य. मग सरांचं समीकरण सोडवायला सांगितलंत, य = २क्ष + ५ आलं. माझं सोडवलं, तेही य = २क्ष + ५. रेषा तीच. त्यांनी एका बिंदूवर उभं राहून लिहिलं होतं, मी दुसऱ्या. मी नुसता वहीकडे बघत राहिलो. तुम्ही तुमचा पेन उघडून माझ्यासमोर ठेवलात आणि म्हणालात, "खूण तुम्ही करा. मी कशाला करू?"

मी फुली खोडायला गेलो, तर तुम्ही "राहू दे" म्हणालात. म्हणून त्या लाल फुलीला लागून निळ्या शाईची बरोबरची खूण आहे. जरा वेडीवाकडी, कारण हात थरथरत होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. माझ्या गणिताच्या वहीत मी स्वतःच्या हाताने केलेली ती पहिली खूण. बरोबर की चूक हे ठरवणारा माणूस कायम टेबलाच्या पलीकडे असतो असंच मी धरून चाललो होतो.

तुमची स्वतःची परीक्षा पुढच्या आठवड्यात होती, हे मला तुम्ही उठताना कळलं. त्या जाडजूड पुस्तकावरून घड्याळाकडे तुम्ही एकदाही बघितलं नाहीत. हुशार माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. दुसऱ्याच्या अडाणीपणापाशी अर्धा तास न कंटाळता बसणारी फार थोडी, आणि त्यांचा सत्कार वगैरे कुठे होत नाही. "इतक्या उशिरा हे कळतंय" असं मी ओशाळून म्हणालो, त्यावरही तुम्ही हसला नाहीत. उलट सांगितलंत की फ्रेंच गणिती देकार्तचं भूमितीवरचं लिखाण १६३७ सालचं, पण हे बिंदू आणि चढ वापरून लिहिलेलं सुटसुटीत रूप पुढे मोंज या दुसऱ्या फ्रेंच गणितीच्या लिखाणात आढळतं, १७८० च्या दशकात. "जगाला दीडशे वर्षं लागली दादा, तुम्हाला पंचवीसच." हे वाक्य मी घरी आणि ऑफिसात इतक्यांदा ऐकवलंय की आता लोक टाळतात मला.

जाता जाता तुम्ही एक बजावलं होतंत: रेषा उभी असेल तर चढ काढायला जाऊ नका, छेदात शून्य येतं आणि तिथे हे सूत्र चालतच नाही. आपल्याच लाडक्या सूत्राचं उणं असं आपणहून सांगणारं मला तोवर कुणी भेटलं नव्हतं.

पेपरात तेही आलं. (४, १) आणि (४, ६). माझ्या पुढचा मुलगा पान भरभरून खोडत होता. मी क्ष = ४ एवढंच लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो.

तुमचा,
खिडकीजवळच्या टेबलावरचा दादा