इंटिरिअरच्या मुलांना पहिल्याच वर्षी साईटवर पाठवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की ओळखीपाळखीतून मला फोन येतात. ‘पोरगी इंटिरिअर करायचं म्हणते. तुम्ही त्याच लाईनीत आहात, पुढे काही आहे का त्यात?’ मी फर्निचरची कामं घेतो. लकडगंजातून माल उचलायचा आणि चार सुतार, एक पॉलिशवाला घेऊन घरोघरी काम करायचं, याला सत्तावीस वर्षं झाली. माझी मुलगी सध्या याच विषयाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. म्हणून दोन्ही बाजूंनी बघून लिहितो.

लोकांना वाटतं, पडदे आणि रंग निवडायचं शिक्षण. मुलीच्या टेबलावर मला दिसतात ते भिंतींचे सेक्शन, विजेच्या पॉइंटचे नकाशे, नळाच्या लाइनी, मालाचे दर आणि माणसाचा हात कुठवर पोचतो त्याची मापं. गेल्या सुट्टीत तिनं आईला ओट्यापुढे उभं केलं, हात वर करायला लावला आणि टेप धरला. माझ्याच हातची वरची कपाटं त्यानंतर मी चार इंच खाली घेतली. इतकी वर्षं डाळीचा डबा काढायला तिची आई स्टुलावर चढत होती आणि मला ते दिसलं नव्हतं.

बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र नसेल तर आर्किटेक्चरचा रस्ता बंद होतो. इंटिरिअरला मात्र कला, वाणिज्यची मुलंही येतात. अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाईन संस्थेत, फर्निचर आणि इंटिरिअर डिझाईन हा बी.डेस. या पदवीचा स्वतंत्र विषय आहे आणि तिथली प्रवेश परीक्षा कुठल्याही शाखेच्या मुलाला देता येते. आणि कामं फक्त फ्लॅटची नसतात. नागपुरात विदर्भाबरोबर मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचे रुग्ण येतात. दवाखान्यात दोन स्ट्रेचर समोरासमोर आले तर जातील कसे, हेही कुणीतरी आधी कागदावर ठरवावं लागतं. मिहान प्रकल्पातली ऑफिसं, शोरूम, मॉड्यूलर किचनचे कारखाने, प्रदर्शनांचे स्टॉल, लाइटिंग, नाटक-सिनेमाचे सेट या सगळ्यात माणसं लागतात. ज्याला बिनचूक एस्टिमेट काढता येतं, त्याला तर मी आजही शोधत असतो.

मात्र एक गोष्ट पालकांना कुणी सांगत नाही. ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घ्यायला १९७२ च्या कायद्यानं कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी लागते. इंटिरिअर डिझायनरला तशी कुठलीच सरकारी नोंदणी नाही. बोर्ड कुणीही लावू शकतो. त्यामुळे पदवीच्या कागदावर गिऱ्हाईक थांबत नाही, ते काम बघतं. आणि आमची मुलं कॉलेजातून बाहेर पडतात तेव्हा त्यांनी थ्रीडी चित्रं शेकड्यांनी केलेली असतात, पण प्लायच्या शीटला कधी हात लावलेला नसतो.

मागच्या वर्षी एका ऑफिसकडून इंटर्नशिप करणारी मुलगी साईटवर आली होती. तिच्या ड्रॉईंगमध्ये पलंगाच्या पाठीचं पॅनल ५० इंच उंच आणि आठ फूट लांब, बिनजोडाचं. आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं कागदावर बोट ठेवलं. ‘बेटा, शीट आठ बाय चारची येते. अठ्ठेचाळीस इंच. वरचे दोन इंच कुठून आणू मी?’ पोरीचा चेहरा उतरला. पण ती गेली नाही. शीट जमिनीवर टाकून मिस्त्रीनं तिला कट कसे मारायचे ते दाखवलं आणि संध्याकाळपर्यंत तिनं तीन शीटचं काम दोन शीटमध्ये बसवलं. असं शिक्षण पहिल्या वर्षीच मिळायला काय हरकत आहे?

दुसरं आपल्या हवेचं. मानेवाड्याकडच्या एका फ्लॅटमध्ये ड्रॉईंगप्रमाणे पार्टिकल बोर्डाचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं, कपाट आम्ही कुलरच्या खिडकीला लागूनच बसवलं. कुलरच्या दमट हवेनं जून लागेपर्यंत खालच्या फळ्या फुगल्या आणि ड्रॉवर निघेनात. चूक कागदावर होती तशी माझीही होती, मला कळत असून मी बोललो नाही. मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या गावात कुलर कुठे बसणार आणि त्याची हवा कुठून बाहेर जाणार, हे ड्रॉईंगमध्ये फॉल्स सिलिंगच्या आधी यायला हवं.

दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठी सागवान नागपूरहून गेलं. अयोध्येच्या मंदिराच्या दारांचं लाकूड आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं. आणि इथं शिकणाऱ्या मुलांना सागाचा गाभा कुठला आणि कीड लागणारा बाहेरचा पांढरा भाग कुठला, हे ओळखता येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून शहरातल्या कॉलेजांना कळकळीची विनंती आहे. पहिल्या वर्षात आठवड्यातला एक दिवस साईटसाठी ठेवा आणि त्याला मार्क द्या. एखाद्या जुन्या मिस्त्रीला मानधन देऊन वर्गात बोलवा. माझ्या कामावर एका वेळी तीन मुलं सांभाळून घेता येतील, फी वगैरे काही नको. सकाळी दहाला यावं, पायात बूट असावेत, सोबत टेप आणि वही आणावी.

आपला,
एक फर्निचर कंत्राटदार आणि पालक
नागपूर