तुझे लाख रुपये परत करताना

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेले १,००,००० रुपये आज सकाळी तुझ्याच खात्यावर परत केले आहेत. ही गोष्ट फोनवर सांगितली असती तर तू मला दोन वाक्यांत गप्प केले असतेस. ज्याची सगळी नोकरी बँकेत गेली त्याच्याशी पैशांवरून तोंडी वाद घालण्याइतका मी धीट नाही, म्हणून सविस्तर पत्र लिहीत आहे. आमचा सिनेमाचा पॉडकास्ट पैशांअभावी बंद पडू नये, एवढ्याच आस्थेने तू ही रक्कम धाडलीस, याबद्दल माझ्या मनात जराही किंतु नाही. परंतु तो चालू राहायचा असेल तर एका माणसाच्या एका रकमेवर तो उभा असता कामा नये, हे माझे मत दिवसेंदिवस पक्के होत चालले आहे.

पैसा कशावर खर्च होतो, याबद्दल बहुतेकांचा, आणि बहुधा तुझाही, समज असा असतो की तो यंत्रांवर होत असावा. माइक एकदाच घ्यावा लागला आणि तो अजून ठणठणीत आहे. ध्वनिमुद्रण माझ्या घराच्या मागच्या खोलीतच होते. दाराला दोन गोधड्या अडकवायच्या, पंखा बंद करायचा आणि शेजारच्या स्वयंपाकघरातला मिक्सर थांबेपर्यंत वाट पाहायची, इतकाच आमचा स्टुडिओ. तासाभराचा भाग ६४ केबीपीएसच्या मोनो एमपी-थ्रीमध्ये साठवला तर २९ एमबीच्या आत मावतो, त्यामुळे साठवणुकीचे भाडेही जड जात नाही. खर्च होतो तो संकलन करणाऱ्या सहकारी मुलीच्या मानधनावर आणि प्रवासावर. त्यातही मानधन पुढे ढकलता येत नाही, कारण तिच्या घरमालकाला आमच्या सिनेमाप्रेमाशी काही देणेघेणे नाही.

एक उदाहरण देतो. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघे एसटीने सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेलो होतो. उमेदीची सगळी वर्षे टुरिंग टॉकीजमध्ये प्रोजेक्टर चालवण्यात घालवलेले एक वृद्ध गृहस्थ तिथे राहतात. जत्रेमागून जत्रा करत फिरणारा त्यांचा तंबू, त्यात मशीन एकच, त्यामुळे २,००० फुटांचे रीळ २२ मिनिटांत संपले की दुसरे चढेपर्यंत अंधारात शिट्ट्यांचा गदारोळ. प्रोजेक्टरचा उजेड पाडणाऱ्या कार्बनच्या दोन कांड्या जळत जळत आखूड होत तसे त्यांच्यातले अंतर हाताने जुळवत राहावे लागे आणि हात जरा चुकला की पडद्यावरची नायिका काळवंडत असे. हे सगळे ते इतक्या सावकाश सांगत होते की दर दोन वाक्यांच्या मध्ये अंगणातल्या कोंबड्यांना भरपूर वाव मिळत होता. एका जागी ते बोलता बोलता थांबले, आणि त्या दोन कांड्यांत किती फट ठेवायची हे त्यांनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणून हवेतच दाखवले. आता हे नुसत्या आवाजात कसे पोहोचवायचे? संकलन करताना त्या मुलीने ती शांतता कापली नाही. त्यांच्या सुनेने मागून म्हटलेले ‘एवढंसं, बोटाच्या पेराहून कमी’ हे पुटपुटणे तेवढे तिने वर आणले. तीन तासांच्या बोलण्यातून पाऊण तासाचा भाग घडवायला तिला आठवडाभर कानाला हेडफोन लावून बसावे लागले. इतर भागांच्या मानाने तो कमी जणांनी ऐकला. नवे वर्गणीदार मात्र सर्वांत जास्त मिळाले ते त्याच महिन्यात.

असला भाग कोणताही जाहिरातदार मागणार नाही. जाहिरातदार येतात ते वेगळ्या मागणीसह. प्रदर्शनाच्या आठवड्यात नायक-नायिकेला बोलवा, ट्रेलर वाजवा, अडचणीचे प्रश्न टाळा आणि इतके पैसे घ्या, असा प्रस्ताव एका निर्मात्याच्या प्रसिद्धीवाल्यांकडून आला होता. आकडा मोठा होता आणि बोलण्यात अदब होती. मी नको म्हटले. मराठी चित्रपट शुक्रवारी लागतो आणि सोमवार उजाडला की अनेकदा त्याचे खेळ कमी होऊ लागतात. त्या तीन दिवसांत तिकिटाला पैसे घालावेत की नाही, हे ज्याला आम्ही सांगतो त्यानेच आमचा खर्च चालवावा, हे मला सरळ वाटते. ज्याचा माल तोलायचा त्याच्याच पैशांतून तराजू विकत घेतला तर काटा कुणीकडे झुकेल, हे तुला वेगळे सांगायला नको.

‘पण मी कुठे निर्माता आहे?’ असे तू विचारशील. तुझ्या हेतूचा इथे प्रश्नच नाही. एकाच रकमेवर वर्ष काढले की त्या वर्षात श्रोत्यांपुढे हात पसरावा लागत नाही, मागण्याची सवय मोडते, श्रोत्यांची देण्याची सवय तर लागतच नाही, आणि वर्ष सरल्यावर आम्ही पुन्हा तुझ्याच दारात. शिवाय एका दिग्दर्शकावर तुझा किती जीव आहे हे मला कॉलेजपासून ठाऊक आहे. त्याच्या एखाद्या फसलेल्या चित्रपटावर बोलताना, तू काही न म्हणताही, माझी जीभ अडखळणारच. दादासाहेब फाळक्यांचेच पाहा. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली त्यांनी लंडन गाठले आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. तेव्हा पैशांची ओढाताण विलक्षण होती, पण चित्रपट कसा करायचा हे ते स्वतः ठरवत होते. पुढे १९१८ मध्ये भांडवलदार भागीदार मिळून हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, पैशांची ददात मिटली, आणि थोड्याच काळात मतभेद इतके वाढले की ते सगळे सोडून काशीला निघून गेले. भागीदार दुष्ट होते असे माझे म्हणणे नाही. मोठी रक्कम घालणाऱ्याला चार गोष्टी विचाराव्याशा वाटतात, आणि ते स्वाभाविकच असते.

याच्या अगदी उलट उदाहरण ‘मंथन’ चित्रपटाचे. २०२४ मध्ये त्याची नव्याने दुरुस्त केलेली प्रत फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दाखवली गेली आणि नंतर आपल्याकडे चित्रपटगृहांतही लागली, तेव्हा आम्ही त्यावर भाग केला होता. गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले आणि १९७६ मध्ये श्याम बेनेगलांचा हा चित्रपट उभा राहिला. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, नायिका आपली स्मिता पाटील. ही गोष्ट सांगताना लोक त्या दोन रुपयांचे कौतुक करतात. माझे लक्ष मात्र त्या पैशांपेक्षा ते जमा कसे झाले याकडे जाते. पाच लाख माणसांच्या घरोघर पावतीपुस्तक घेऊन फिरायचे ठरवले असते तर जमलेली रक्कम फिरण्यातच संपली असती. पण तो शेतकरी रोज सोसायटीत दूध घालायला येतच होता, त्याच्या नावे नोंद होतच होती, पैसे त्याच्या हाती पडतच होते. त्यातून दोन रुपये वळते करून घ्यायला वेगळा खर्च जवळजवळ लागलाच नाही. जी व्यवस्था आधीच गावोगाव पोहोचलेली होती, तिच्यावरून चित्रपटाचे पैसे आले. नंतर हेच शेतकरी ट्रक भरभरून तो पाहायला गेले, ते वेगळेच.

आमच्यासारख्यांकडे अशी व्यवस्था फार उशिरा आली. सुरुवातीला आम्ही एका परदेशी मंचावरून कार्डाने वर्गणी घेत होतो. दर वर्गणीतून त्यांचा हिस्सा जाई, चलन बदलण्याचे पैसे जात आणि ५० रुपयांची वर्गणी घेणे परवडतच नसे. मग १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप वळत्या होणाऱ्या रकमांबद्दल रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले आणि आमच्या निम्म्याहून अधिक श्रोत्यांच्या वर्गण्या त्यांच्या नकळत थांबल्या. त्यांना वाटत होते की आपण देत आहोत, आणि इकडे पैसे येत नव्हते. एकेकाला निरोप पाठवून हे सांगताना मला उधारी वसूल करणाऱ्यासारखे ओशाळवाणे होत असे. आता यूपीआयच्या ऑटोपेवरून सगळे चालते. श्रोता रक्कम एकदा ठरवतो, दर महिन्याला पैसे कापण्यापूर्वी चोवीस तास आधी त्याला सूचना जाते आणि नको असेल तर तो फोनवरूनच वर्गणी बंद करू शकतो. या सूचनेमुळे लोक गळतात, अशी तक्रार माझ्या ओळखीचे इतर पॉडकास्टवाले करतात. मला ती सूचना आवडते. महिन्यातून एकदा प्रत्येक वर्गणीदाराच्या मनात ‘या महिन्यात यांनी ऐकण्यासारखे काही केले का?’ हा प्रश्न येतो, आणि तो येतो हे ठाऊक असल्यामुळे आम्हीही कंटाळा करत नाही.

या सगळ्याचा मूळ पुरुष रेडिओत सापडतो. अमेरिकेतल्या बर्कली शहरात लुइस हिल यांनी १९४९ मध्ये केपीएफए नावाचे केंद्र सुरू केले, जाहिरातीशिवाय, केवळ श्रोत्यांच्या वार्षिक वर्गणीवर. त्यांचा हिशेब असा होता की ऐकू शकणाऱ्यांपैकी शंभरांत दोघांनी वर्गणी दिली तरी केंद्र चालेल. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांनी फुकट ऐकावे. पुढच्याच वर्षी पैसे संपून केंद्र बंद पडले, आणि श्रोत्यांनीच खटपट करून १९५१ मध्ये ते पुन्हा सुरू केले. आजही ते चालू आहे. त्या अठ्ठ्याण्णवांना कुलूप न लावणे, ही त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. काही भाग फक्त वर्गणीदारांसाठी राखून ठेवा, असा सल्ला आम्हाला वारंवार मिळतो. परंतु ते प्रोजेक्टरवाले आजोबा ज्या गावात राहतात तिथल्या पोरांना त्यांचा भाग ऐकण्यासाठी पैसे मोजावे लागले असते, तर त्या घरी चहा पिण्याचा आम्हाला काय अधिकार होता?

म्हणून आमची रीत अगदी साधी ठेवली आहे. सगळे भाग सर्वांना खुले. ज्याला जमेल त्याने महिन्याला ५० किंवा १०० रुपये द्यावेत. ज्याला जमत नाही त्याने ऐकावे आणि दुसऱ्याला ऐकवावे. एक निवृत्त शिक्षक १०१ रुपयेच देतात, कारण शंभराच्या नोटेवर रुपया ठेवल्याशिवाय शुभकार्याला पैसे देऊ नयेत, असे त्यांना वाटते. कुणी ‘मुलाच्या शाळेची फी भरायची आहे, दोन महिने जमणार नाही’ असा निरोप पाठवून थांबतो आणि तिसऱ्या महिन्यात न सांगता परत येतो. चित्रपटातल्या गाण्याचा तुकडा का वाजवत नाही, अशी विचारणा मात्र हे सगळेच करतात. समीक्षेसाठी थोडा अंश वापरायला कायद्याने वाव असला, तरी गाणे ओळखून त्याच्या मालकाच्या वतीने आपोआप हक्क सांगणारी यंत्रे समीक्षा ऐकत बसत नाहीत. तेव्हा चाल मीच गुणगुणून दाखवतो, आणि माझा गळा तुला ठाऊक आहे. त्यावरून वर्गणी बंद केल्याचे अजून कुणी कळवलेले नाही.

दर तिमाहीच्या शेवटच्या भागात आम्ही जमाखर्च वाचून दाखवतो: किती आले, मानधनाला किती गेले, एसटीला किती, शिल्लक किती. ऐकणाऱ्याला ही पाच मिनिटे रटाळ वाटत असतील असे मला वाटे, पण त्यावर जितकी पत्रे येतात तितकी कुठल्याही नटाच्या मुलाखतीवर येत नाहीत. एका बाईंनी तर प्रवासखर्च कमी आहे, याचा अर्थ तुम्ही पुण्याबाहेर पडत नाही, अशी कानउघाडणी केली, आणि त्यानंतरच आमचा तो साताऱ्याचा बेत ठरला.

आता तुझ्याकडे काय मागायचे आहे ते सांगतो. पहिली गोष्ट, तू इतर श्रोत्यांसारखीच १०० रुपयांची वर्गणी सुरू कर. त्याहून जास्त नको. (तसेही, नातेवाईक नसलेल्याकडून वर्षात ५०,००० रुपयांहून अधिक भेट मिळाली की ती सगळीच माझ्या करपात्र उत्पन्नात धरली जाते. इतक्या वर्षांनी तू माझा कुणी लागत नाहीस, हे प्राप्तिकराच्या नियमाकडून ऐकावे लागले.) दुसरी गोष्ट मला अधिक हवी आहे. तो जमाखर्च आजवर मीच लिहितो आणि मीच वाचतो; त्यावर दुसऱ्या कुणाची नजर नाही. तू बँकेत शाखांची तपासणी करत होतास, तशी आमची वही तिमाहीला एकदा तपासून दे आणि जिथे शंका येईल तिथे ती लेखी विचार. तुझा शेरा, चांगला असो वा वाईट, मी त्या भागात जसाच्या तसा वाचून दाखवीन. तुझे नाव सांगायचे की नाही, ते तू ठरव.

या तिमाहीची वही आणि पावत्यांच्या प्रती पुढच्या आठवड्यात कुरियरने पाठवतो. मानधनाच्या रकान्यात दोन महिने आकडा वाढलेला दिसेल; तो त्या आजोबांच्या भागाच्या जादा कामाचा आहे, पण कारण वहीत लिहिलेले नाही, तेव्हा ते तू विचारशीलच. लाख रुपये जमा झाल्याचा संदेश आला की पोच कळव. वहिनींना सप्रेम नमस्कार सांग, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र