ग्वाल्हेरच्या दरबार हॉलमधल्या काकांना, आईकडून आणि माझ्याकडून

नमस्कार काका,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही असं वाटतं. पण जयविलास पॅलेसमध्ये वरच्या मजल्यावर दरबार हॉलच्या दाराशी ड्युटीवर होता ते तुम्ही, मफलरवाले, एवढं लिहिलं की तुमच्यापर्यंत हे कुणीतरी पोचवेल. तुमच्याबरोबरच्यांनी वाचलं तर प्लीज दाखवा त्यांना.

घरी येऊन बरेच दिवस झाले तरी आईचं बोलणं अजून तिथेच अडकलंय आणि माझा घसाही अजून भरून येतो, म्हणून लिहितेय. आईची नजर काचबिंदूने गेली. आयुष्यभर शिवणकाम केलेली बाई, सुईत दोरा ओवता ओवता कधी दिसायचं बंद झालं कळलंच नाही. तेव्हापासून ती कुठेही गेली की लोक तिच्याशी बोलत नाहीत, माझ्याशी बोलतात. डॉक्टरांकडे, बँकेत, लग्नात, सगळीकडे. "त्या चहा घेतील का?" अरे, ती इथेच बसलीये, कान शाबूत आहेत तिचे, तिलाच विचारा ना!

आणि ज्यांच्याबरोबर आम्ही ही ट्रिप केली त्या टूरवाल्यांबद्दल तर काय बोलू, नाव घेत नाही कारण घ्यायची लायकी नाही. बुकिंग करताना "काळजीच करू नका मॅडम, सीनियर सिटिझन आमची स्पेशालिटी" आणि प्रत्यक्षात प्रत्येक ठिकाणी तेच, "आजींना बसमध्येच बसू द्या, त्यांना दिसणार काय आत जाऊन." हे तिच्यासमोर, मोठ्या आवाजात. आई काही बोलायची नाही, फक्त पर्सची चेन उघडायची आणि बंद करायची. ग्वाल्हेरला शेवटी मी त्यांना सांगितलं तुम्ही जा पुढे, आम्ही आमचं बघतो.

जिना चढून वर आलो तेव्हा ती दमली होती आणि माझाही मूड गेलेला होता. तुम्ही आमचं मराठी ऐकलंत, पुढे आलात. आता नेहमीसारखं मला विचारणार, "इनको दिखता नहीं क्या?" म्हणून मी उत्तर तयारच ठेवलं होतं. पण तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाही. तुम्ही आईसमोर थोडे वाकलात आणि म्हणालात, "आई, तुम्हाला आधी काय बघायचंय, झुंबर की गालिचा?"

आणि मग थांबलात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण तिला उत्तर द्यायला वेळ लागतो आणि लोक तेवढ्यात माझ्याकडे वळतात. तुम्ही वळला नाहीत, मागे लोकांची रांग लागली तरी नाही. आई म्हणाली, "गालिचा." शिवणारी बाई, दुसरं काय म्हणणार!

मग तुम्ही सांगत गेलात. ग्वाल्हेरच्या तुरुंगातल्या कैद्यांनी विणलाय हा गालिचा, हे ऐकल्यावर ती गप्प झाली, म्हणाली, बिचारे, मान मोडली असेल त्यांची. दोरीच्या पलीकडे हात लावता येत नाही हेही तुम्ही तिला सरळ सांगितलंत, उगाच चोरून लावू दिला नाहीत, ते मला आवडलं. त्याऐवजी दोरीच्या कडेकडेने तिला चालवलंत. तुम्ही म्हणालात हॉल साधारण १०० फूट लांब, तर ती म्हणते फूट नको, वारात सांगा. आणि तुम्ही खरंच हिशोब करायला लागलात की हो! ३३ वार, म्हणजे जवळजवळ पावणेचार नऊवारी साड्या एकापुढे एक पसरल्या तेवढा. रुंदी त्याच्या निम्मी. आईचा चेहरा काय फुलला होता, मी फोटो काढायचा विसरून बघतच राहिले.

झुंबरांचं तर विचारूच नका. एकेक साडेतीन टनांचं, प्रत्येकात २५० दिवे, आणि टांगायच्या आधी छत पेलेल का ते तपासायला हत्ती चढवले होते. कुणी आठ म्हणतं कुणी दहा, तुम्हीही हसत दोन्ही आकडे सांगितलेत. आईचा लगेच प्रश्न, हत्ती वर नेले कसे? तुम्ही म्हणालात रॅम्प बांधला होता म्हणतात. तिचं त्यावर समाधान झालेलं नाही, अजूनही नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते. जयाजीराव शिंद्यांनी १८७४ मध्ये बांधलेला वाडा, मायकेल फिलोज आर्किटेक्ट, प्रिन्स ऑफ वेल्स येणार म्हणून केवढा थाट, हे सगळं मी जाण्याआधी वाचलं होतं पण वाचून मला काही झालं नव्हतं. तुम्ही तिला भिंतीवरचं सोन्याचं काम सांगत होतात, कुठून सुरू होतं, कुठे वळतं, कुठे दाट होतं, तेव्हा मीही पहिल्यांदा नीट बघितलं. डोळे असून मी तोवर फक्त मान वर करून "वॉव" म्हणाले होते.

यात कुणाचा पैसा जात नाही हो. माणसाला माणूस समजून त्याच्याच तोंडाकडे बघून बोलायचं, बस. यासाठी ट्रेनिंग लागत नाही, ना ते स्पेशालिटीचे बोर्ड. काही लोकांच्या अंगातच असतं आणि अशा लोकांना आपण काही भारी केलंय हे माहीतही नसतं, तुम्हालाही नसणार. मी थँक यू म्हणाले तर तुम्ही म्हणालात, "खाली चांदीची रेल्वे चुकवू नका." नाही चुकवली. जेवणाच्या टेबलावर ब्रँडी आणि सिगार फिरवणारी गाडी, सुरई उचलली की थांबते, हे मी तुमच्या पद्धतीने सांगायचा प्रयत्न केला पण तुमच्याइतकं जमलं नाही, आईने स्पष्टच सांगितलं.

आता ती बडोद्याच्या लक्ष्मी विलासचा दरबार हॉल बघायचा म्हणते. स्वतःहून म्हणते, काका! जी बाई घराबाहेर पडायला नको म्हणायची ती. बस नाही, टूर नाही, आम्ही दोघीच जाणार.

आणि तिचा एक प्रश्न राहिलाय, तो तुम्हाला विचारायलाच सांगितलाय तिने. एवढा अवाढव्य गालिचा, तो झटकतात कसा? उचलतात की जागेवरच साफ करतात? कुणाकडून तरी नक्की कळवा, ती वाट बघतेय.

तुमची,
शिवणारणीची मुलगी