फोटोतली नावं फोटोतच राहू देत

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

जुने अल्बम स्कॅन करायला काढलेत, हे फार चांगलं झालं. बाबा, स्कॅनिंग तुम्ही नीट कराल याची खात्री आहे. मला चिंता आहे ती आई तोंडाने सांगते त्याची: हा कोण, ती कुणाची, हे कुठल्या वर्षीचं. ते सगळं फाइलच्या आत लिहिलं गेलं पाहिजे. पूर्वी फोटोच्या पाठीवर पेनाने लिहायचे ना, तसंच. आत म्हणजे नेमकं कुठे हे आधी समजून घ्या, नाहीतर महिनोन्‌महिने लिहिलेलं एका कॉपीत नाहीसं होतं.

गुगल फोटोजमध्ये वर्णन लिहिण्याचा मोह होईल. लिहू नका. ते फोटोखाली दिसतं, पण साठतं गुगलच्या खात्यात. तो फोटो डाउनलोड केला की वर्णन मागेच राहतं. 'टेकआउट' या गुगलच्याच सोयीने सगळा साठा मागवला, तरी ते शेजारच्या वेगळ्या जेसॉन फाइलमध्ये येतं. बदललेली तारीख आणि चेहऱ्यांना दिलेली नावंही फोटोच्या फाइलमध्ये उतरत नाहीत.

लॅपटॉपवर डिजिकॅम हा फोटो लावण्याचा प्रोग्रॅम टाकून घ्या. फुकट आहे, विंडोजवर चालतं आणि इंटरनेट लागत नाही. सुरुवातीलाच सेटिंग्जमध्ये 'कॉन्फिगर डिजिकॅम' आणि त्यात 'मेटाडेटा' (फोटोच्या आतली माहिती) उघडा. कॅप्शन, टॅग (फोटो शोधायला लावलेले छोटे शब्द), तारीख आणि चेहऱ्यांची नावं फाइलमध्ये लिहिण्याच्या चौकोनांवर टिक आहे ना, ते बघा. नसेल तर हा सगळा मजकूर डिजिकॅमच्या स्वतःच्या डेटाबेसमध्येच राहील, म्हणजे गुगलसारखीच गत. तिथेच 'साइडकार' म्हणून भाग आहे, तो रिकामा ठेवा. साइडकार म्हणजे फोटोशेजारी राहणारी वेगळी फाइल. फोटो हलवला आणि ती राहिली, की ताटातूट होते.

स्कॅन ६०० डीपीआयवर, जेपेग, क्वालिटी ९० च्या वर. टिफ ही फाइलची दुसरी पद्धत जास्त शुद्ध हे खरं, पण चार बाय सहाचा एक रंगीत फोटो सुमारे २६ एमबी होतो आणि मग कुणी तो पाठवत नाही. पीएनजी मात्र नको, त्यातला मजकूर बरेच प्रोग्रॅम वाचतच नाहीत. पाठीवर काही लिहिलं असेल, स्टुडिओचा शिक्का असेल, तर पाठही स्कॅन करा आणि नावं '०१४-अ', '०१४-ब' अशी जोडीने द्या.

आता आईचं काम. डिजिकॅममध्ये उजवीकडे 'कॅप्शन्स' उघडायचं, लिहायचं आणि 'अप्लाय' दाबायचं. आई, लिहिताना एक कर. नुसतं 'आजी', 'काका', 'वन्सं' लिहू नकोस. तुझी आजी वाचणाऱ्याची कोण लागेल, हे पुढे कुणाला कळणार? पूर्ण नाव लिही, आणि लग्न झालेल्या बायकांची दोन्ही आडनावं. उदाहरणार्थ:

'डावीकडून उभे: दत्तात्रय कुलकर्णी (अण्णा), सुमन देशपांडे (माहेरची कुलकर्णी, अण्णांची धाकटी बहीण). बसलेल्या: अण्णांच्या आई, राधाबाई. नारायणगावच्या घराची ओटी, मुंजीचा आदला दिवस. १९७४, अंदाजे, सुमन देशपांडे यांच्या आठवणीवरून.'

'अंदाजे' आणि 'कुणाच्या आठवणीवरून' हे शब्द गाळू नकोस. तारखेच्या रकान्यात 'अंदाजे' लिहायची सोय नसते, तिथे पूर्ण तारीख द्यावी लागते. फक्त वर्ष माहीत असेल तर १ जानेवारी टाक आणि खरी गोष्ट कॅप्शनमध्ये लिही.

तारीख भरायचीच, कारण स्कॅनच्या फाइलवर असते ती स्कॅनची. एक्सप्लोररमधली 'मॉडिफाइड' तारीख तर कुठल्याही बदलाने पुढे सरकते, आणि फॅट पद्धतीच्या पेनड्राइव्हवर फाइलची तारीख १९८० च्या मागे जाऊच शकत नाही. फाइलच्या आतली 'फोटो काढल्याची तारीख' तेवढी फाइलबरोबर प्रवास करते. आणि बाबा, अल्बमच्या पानाचा मोबाइलने फोटो काढलात तर लोकेशन बंद ठेवा. नाहीतर १९७४ च्या मुंजीवर आपल्या आत्ताच्या फ्लॅटचा पत्ता बसेल. आजची तारीख तर तरीही बसतेच, ती बदला.

टॅग छोटे ठेवा: 'मुंज' एक, 'नारायणगाव' दुसरा, 'सुमन देशपांडे' तिसरा. याला कारण आहे. टॅग फाइलमध्ये एकाहून अधिक ठिकाणी लिहिला जातो. त्यातल्या आयपीटीसी या जुन्या पद्धतीत एका टॅगला ६४ बाइट मिळतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा आणि हलन्तसुद्धा, ३ बाइट खातं. म्हणजे जेमतेम २१ चिन्हं. लांब टॅग तिथे मधेच तुटतो. एक्सएमपी या नव्या पद्धतीत ही अडचण नाही. त्यामुळे एखाद्या जुन्या प्रोग्रॅममध्ये मराठीऐवजी चिन्हांचं कडबोळं दिसलं तर घाबरून पुन्हा टाइप करू नका. एक्सएमपीत बहुतेक सगळं शाबूत असतं.

बाबा, जुन्या लॅपटॉपवर पिकासा हा गुगलचा जुना फोटो प्रोग्रॅम आहे. ते २०१६ मध्येच बंद झालं. त्यात जेपेग फोटोंना दिलेली कॅप्शन फाइलमध्ये आहेत, पण इतर बरंच काही प्रत्येक फोल्डरमधल्या लपलेल्या '.पिकासा.आयएनआय' फाइलमध्ये असतं. एकेक फोटो उचलू नका, लपलेल्या फाइल दिसतील अशी सेटिंग करून अख्खे फोल्डर कॉपी करा.

व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला तर आतलं सगळं पुसलं जातं, एचडी निवडलं तरी. पेपरक्लिप दाबून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मग फाइल जशीच्या तशी जाते. आणि ग्रुपवरून परत आलेली प्रत मूळ फाइलच्या जागी कधीही ठेवू नका.

पहिले पाचच फोटो पूर्ण करा आणि तपासा. डिजिकॅममध्ये नको, तिथे दिसणारच. फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या कॉम्प्युटरवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', मग 'डीटेल्स'. टॅग आणि 'डेट टेकन' दिसले पाहिजेत. त्याच खिडकीत खाली 'रिमूव्ह प्रॉपर्टीज अँड पर्सनल इन्फर्मेशन' अशी निळी ओळ असते, तिला हात लावू नका.

ते पाच मला डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एक्झिफटूल या प्रोग्रॅमने आतलं अक्षर न्‌ अक्षर वाचून मी त्याच दिवशी कळवते. तोवर सहावा फोटो लिहायला घेऊ नका, स्कॅनिंग मात्र चालू द्या.

तुमची,
मनू