मनीच्या नखांबद्दल

सातारा,
रविवार

प्रिय नंदा,

काल फोनवर घाईत नीट बोलता आलं नाही, म्हणून आज सवडीने लिहिते आहे. काकूंच्या माघारी त्यांची मनी तू घरी आणलीस, याचं मला फार कौतुक आहे. इतकी वर्षं एकाच माणसाच्या मांडीवर निजलेला जीव तो. नव्या घरात ती पंजाला हात लावू देत नाही, यात नवल ते काय?

सगळ्यात आधी एक. शेजारच्या बाईंनी सुचवलेलं ते नखं समूळ काढायचं ऑपरेशन मनातसुद्धा आणू नकोस. मांजराचं नख बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवतं, त्यामुळे नखासोबत ते हाडच कापून काढतात. न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये कायदा करून हे बंद केलं. म्हाताऱ्या मनीला असं काही सोसायला लावायचं, या कल्पनेनेच मला कसंतरी होतं.

पण नखं कापायला हवीत हे खरं. तरणी मांजरं ओरबाडून नखांवरची जुनी टरफलं काढून टाकतात. म्हातारपणी ते कमी होतं आणि नखं जाड होत जातात. पुढच्या पायांची अंगठ्याची नखं तर जमिनीला टेकतच नाहीत. ती वाढता वाढता गोल वळून थेट पंजाच्या मऊ गादीत रुततात. तेवढं आजच बघ. रुतलेलं दिसलं तर घरी कात्री लावू नकोस, सरळ जनावरांच्या डॉक्टरांकडे ने. ती जखम त्यांनीच साफ करायला हवी.

रुतलेलं नसेल तर घाई नाही. काही दिवस कापायचंच नाही. जेवून पेंगुळली की शेजारी बस, पंजा नुसता हातात घे आणि सोड. मग एकेका बोटावर वरून-खालून हलकेच दाब. आत गेलेलं नख आपसूक बाहेर येतं. लगेच बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनचा तुकडा दे. पाय मात्र वर किंवा बाजूला ओढू नकोस. या वयात सांधे दुखत असतात, बऱ्याचदा त्यासाठीच ती पाय काढून घेते. मानगूट धरणं, दोघांनी दाबून ठेवणं, हे तर नकोच. टॉवेलात गुंडाळायला पुष्कळ जण सांगतात. काही मांजरं त्यात शांत राहतातही, पण तुझी पुरती ओळख व्हायच्या आत मनीला असं जखडणं मला पटत नाही.

मग एक दिवस एकच नख काप. पुढे पाच-पाच, मागे चार-चार, अशी अठरा नखं. ती एका बैठकीत व्हायला हवीत असं कुणी सांगितलंय? मागची बहुधा आपोआप झिजतात. कात्री मांजरांसाठी मिळते ती छोटी, धारदार आण. आपल्या नेलकटरने जाड नख चेपतं आणि चिरतं. खिडकीच्या उजेडात बघितलंस की नखात गुलाबी भाग दिसेल. तिथे रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असतात. त्याच्या दोन मिलिमीटर अलीकडे, फक्त वाकडं टोक काप. चुकून रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉर लावून मिनिट-दोन मिनिटं दाबून धर, थांबतं. न थांबलं तर डॉक्टरांना विचार.

शेपटी आपटायला लागली, कान मागे गेले की तिथेच थांब. गुरगुरेपर्यंत वाट बघू नकोस. थांबल्यावरही खाऊ द्यायचाच हं, नंदा. तिने जेवढं करू दिलं त्याचा तो मान आहे.

ओरखडा निघाला तर पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली धू आणि दवाखान्यात जाऊन ये. मनीचं रेबीजचं इंजेक्शन कधी झालंय, ते काकूंच्या फायलीत सापडेल. आणि सोफ्याशेजारी एखादी फळी गोणपाट गुंडाळून आडवी ठेव. उभ्या खांबावर ताणून ओरबाडणं तिला आता झेपायचं नाही.

अंगठ्याची नखं बघितलीस की रात्री फोन कर, कितीही उशीर झाला तरी. रुतलेली असतील तर उद्या सकाळच्या एसटीने येते, दोघी मिळून तिला घेऊन जाऊ.

तुझी,
शुभा