भाड्याचा संगणक कोणाला परवडतो?

महोदय,

'सर्व्हर काढून टाका, क्लाउडवर या, खर्च निम्मा होईल,' असं सांगणारे विक्रेते हल्ली पेठांतल्या लहान कचेऱ्यांचे जिने चढू लागले आहेत. सर्व्हर म्हणजे कचेरीतला सगळ्यांचा मुख्य संगणक, आणि क्लाउड म्हणजे कंपनीचा दूरचा संगणक इंटरनेटवरून तासाच्या भाड्याने वापरणं. मी सदाशिव पेठेत करसल्लागार आहे. आकडेमोड हाच धंदा, त्यामुळे त्यांच्या कोटेशनवर पेन्सिल फिरवलीच.

महिन्याचे तास साधारण 730. आमची कचेरी 25 दिवस, रोज 9 तास उघडी, म्हणजे 225. भाड्याचं मशिन रात्री आणि रविवारी कोणी आठवणीने बंद केलं नाही, तर उरलेल्या 500 तासांचा भुर्दंड आपल्यालाच. बंद केलं तरी डिस्कचं भाडं चालूच राहतं. त्यात जीएसटीचं दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने सांभाळायचं. डेटा फुगत जातो आणि बिलही. शिवाय बड्या परदेशी कंपन्यांचे दर मुळात डॉलरमध्ये ठरतात. 2014 मध्ये 60-61 रुपयांचा डॉलर आता 85 च्या पुढे आहे.

घरचं, म्हणजे कचेरीतलं स्वतःचं, मशिन एकदाच पैसे मागतं, आणि प्राप्तिकरात 40 टक्के घसारा, म्हणजे झिजेपोटी वजावट, मिळतो. (भाडं तर पूर्णच खर्चात पडतं, असं विक्रेता म्हणेल. खरं आहे, पण आधी तेवढे पैसे खिशातून जातात ना!)

अर्थात घरचं मशिनही फुकट चालत नाही. टेबलाखालच्या यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते, आणि ती बसल्याचं कळतं ते महावितरणने दुरुस्तीसाठी वीज बंद केल्यावर, तेही नेमकं रिटर्नच्या शेवटच्या तारखेला. बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात ठेवणारे महाभागही आहेत. आम्ही काम इथल्या मशिनवर करतो आणि रात्रीचा बॅकअप तेवढा क्लाउडवर टाकतो. नुसत्या साठवणुकीचं भाडं त्या मानाने किरकोळ असतं.

क्लाउड खरा शोभतो तो बारावीच्या निकालाला. दुपारी एकाच वेळी लाखो मुलं संकेतस्थळावर तुटून पडतात. त्या एका दुपारसाठी सर्व्हर विकत घेऊन ठेवणं वेडेपणाच. आमच्यासारख्या चार टेबलांच्या कचेरीत अशी दुपार येत नाही.

दुसऱ्या वर्षीचा दर किती, डिस्कचं भाडं वेगळं किती आणि उद्या सोडून जायचं ठरवलं तर आपलाच डेटा बाहेर काढायला जीबीमागे किती, हे तीन आकडे विक्रेत्यांनी कोटेशनच्या पहिल्याच पानावर छापावेत. मी तोंडी विचारले, तर 'मेल करतो साहेब' म्हणून चहा अर्धा टाकून मंडळी उठतात.

– एक करसल्लागार, सदाशिव पेठ, पुणे