जीआर मागे गेला, नोटीस तशीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पत्र जरा लांबलंय, जागा नसेल तर कापा, पण बाईंच्या नोटिशीचं तेवढं ठेवा.

16 एप्रिल 2025 ला पहिलीपासून हिंदी सक्तीची असा जीआर निघाला तेव्हा ओळखीतल्या एका झेडपी शाळेच्या बाईंनी व्हॉट्सअॅपला स्टेटस ठेवलं होतं. शिवी नाही, कुठल्या पुढाऱ्याचं नाव नाही, एवढंच की माझ्या पहिलीच्या वर्गातली पोरं घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात, त्यांना मराठीच परकी आहे, इंग्रजी आहेच, आता हिंदी कुठे बसवू. दोन तासांत स्क्रीनशॉट वरपर्यंत गेला (आपल्याच ग्रुपमधला कोणीतरी असतो हो, बाहेरचा नसतो), केंद्रप्रमुखांचा फोन आला, ताई आधी डिलीट करा मग बोलू, आणि चौथ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस, खुलासा 3 दिवसांत. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहितीय, साहित्यिक बोलले, पक्ष बोलले, मोर्चाची तारीख ठरली आणि 29 जूनला सरकारने जीआर मागे घेतला. बाईंची नोटीस मात्र कोणी मागे घेतली नाही, ती फाइलला तशीच आहे.

मी 34 वर्षं प्राथमिक शाळेवर काढली, त्यातली बरीचशी सातपुड्याच्या पायथ्याला. तिथे पावरी, भिली, मावची बोलणारं पोरगं पहिलीत येतं तेव्हा 'पाणी' शब्दापासून सुरुवात असते. भाषेचं धोरण ठरवताना ज्याला पहिल्यांदा विचारायला पाहिजे तो हाच माणूस ना? पण टीव्हीवर सगळे बोलत होते आणि पहिलीचा वर्ग घेणारे तेवढे गप्प होते, कारण सरकारी नोकरांच्या वर्तणुकीचे नियम. आणि जीआर मागे गेल्यावर महिनाभरात, 28 जुलैला, सोशल मीडिया कसा वापरायचा याचं नवीन परिपत्रक आलं, त्यात सरकारच्या धोरणावर टीका नको हे परत एकदा, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांसकट.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. वर्गात पक्ष नको म्हणजे नकोच. माझ्या एका सहकाऱ्याने इलेक्शनच्या आधी पोरांच्या दप्तरातून एका उमेदवाराची पत्रकं घरोघर पाठवली होती, तेव्हा मीच त्याच्याशी भांडलो होतो. आठ वर्षांच्या पोराला गुरुजी म्हणजे देव, त्याच्यासमोर आपलं मत ठोकणं म्हणजे जबरदस्तीच. पण शाळा सुटल्यावर, स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्याच कामाबद्दल चार शब्द लिहिणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ऑफिसात बसलेल्यांना हा फरक कळत नाही असं नाही, सोयीचा नाही एवढंच.

गंमत बघा, राजकारणाच्या सगळ्या कामाला गुरुजीच लागतात. मतदार यादीचं काम करणारा बीएलओ गुरुजी, मतदान केंद्रावर गुरुजी, जनगणना आली की परत गुरुजी, आणि शिक्षण हक्काच्या (आरटीई) कायद्याच्या कलम 27 मध्येच ही कामं शिक्षकांना लावायची मुभा आहे म्हणून तक्रारही करता येत नाही. विधान परिषदेत शिक्षकांसाठी वेगळे मतदारसंघ आहेत, आपल्याकडे 7 जागा, पण त्यात मत कोणाला, तर माध्यमिक आणि त्यावरच्यांना. पहिली ते चौथी शिकवणाऱ्याला तिथेही मत नाही! 2022 साली वर्गावर्गात गुरुजींचे फोटो लावा असा आदेश आला होता, 'आपले गुरुजी' म्हणून. फोटो चालतो, बोलणं चालत नाही.

माझा भाचा वकिली शिकतोय, त्याने एक अमेरिकन केस सांगितली ती डोक्यातून जात नाही. इलिनॉयमधल्या पिकरिंग नावाच्या शिक्षकाने 1964 मध्ये पेपरला असंच पत्र लिहिलं होतं, की शाळेचं बोर्ड खेळावर पैसा उधळतंय आणि शिकवण्याकडे दुर्लक्ष करतंय. नोकरीवरून काढला. 1968 मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल त्याच्या बाजूने दिला, आणि पत्रातले काही आकडे चुकलेले असूनही दिला. कोर्टाचं म्हणणं असं की शाळेचा पैसा कुठे जावा हे सगळ्यात जास्त शिक्षकांनाच कळतं, तर त्यांना न घाबरता बोलता आलं पाहिजे. आपलंही सुप्रीम कोर्ट 1962 मध्येच बिहारच्या एका केसमध्ये म्हणालंय की सरकारी नोकर झाला म्हणून माणसाचे मूलभूत हक्क जात नाहीत, शांततेत निदर्शनं करू शकतो, संपाचा हक्क मात्र नाही. हे आमच्या कुठल्या प्रशिक्षणात सांगितल्याचं मला तरी आठवत नाही.

आता पोरांचं. दरवर्षी शाळेत मंत्रिमंडळ निवडायचं असतं, चिठ्ठ्या टाकून, बोटाला शाई वगैरे लावून. एका वर्षी आमची स्वच्छता मंत्री होती सहावीतली पोरगी. साहेब व्हिजिटला आले, नेहमीसारखं विचारलं काही अडचण आहे का बाळांनो, आणि ही उठून म्हणाली, सर मुलींच्या संडासला पाणी नाही, बोर्डवर लिहिलंय ते खोटं आहे. साहेब हसले, पण जाताना मला बाजूला घेऊन झापलं की पोरांना कोण शिकवतं हे, राजकारण करता का शाळेत. मी म्हटलं साहेब कोणी शिकवलं नाही, तिला तहसीलजवळच्या झऱ्यावरून बादली आणावी लागते. खरं सांगतो, तेव्हा मला तिचा अभिमान कमी आणि इन्क्रिमेंटची भीती जास्त वाटली होती. आणि हीच पोरं मंत्र्यांच्या स्वागताला दोन दोन तास उन्हात झेंडे घेऊन उभी केली तर ते राजकारण नसतं बरं का.

केरळमधल्या तीन भावंडांना तर न बोलल्याबद्दल शाळेतून काढलं होतं, 1985 मध्ये. राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची पण धर्मश्रद्धेमुळे म्हणायची नाहीत. पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं.

आमच्या नंदुरबारला 9 सप्टेंबर 1942 ला शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळ्यांनी गेले, शाळकरी वयाची पोरं. दरवर्षी त्या दिवशी आम्ही प्रभातफेरी काढतो, भाषणं करतो. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिकवत होते, 1930 ला नोकरी सोडून सत्याग्रहात गेले, त्यांचाही फोटो आमच्या हॉलमध्ये आहे. इंग्रजांनी 1907 मध्ये रिस्ले सर्क्युलर काढून शिक्षक-विद्यार्थ्यांना राजकारणापासून लांब ठेवायचा प्रयत्न केला होता. मी ते सर्क्युलर आणि आत्ताचं परिपत्रक एकच आहे असं म्हणत नाही, पण दोन्ही शेजारी ठेवून एकदा वाचा.

मागणी एकच आहे. ज्या विषयावर सरकारने स्वतःच निर्णय फिरवला त्या विषयावर बोलल्याबद्दल दिलेल्या नोटिसा लेखी मागे घ्या, आणि सर्व्हिस बुकात काही नोंद केली असेल तर ती काढा.

माझं नाव छापू नका ही विनंती. माझी पेन्शन सुरू आहे, मला आता कोणी काही करणार नाही, पण सूनबाई अजून शाळेवर आहे आणि आमचं आडनाव तालुक्यात एकच आहे.

आपला,
एक रिटायर्ड प्राथमिक शिक्षक, जि. नंदुरबार